मैदानाबाहेर बसवलेली मुलं



 कांद्याचा लिलाव उरकून, डाळिंबाच्या बागेतली कामं मागे ठेवून तुम्ही इथे, नामपूरच्या व्याख्यानमालेला आला आहात. तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही, थेट विषयाकडे येतो.

हृदयाचा आजार म्हटलं की आपल्यापुढे पन्नाशीचा गृहस्थ उभा राहतो. वजन वाढलेलं, बीपीची गोळी चालू. मी आज त्याच्याविषयी बोलणार नाही. मी बोलणार आहे दहा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींविषयी. कुणाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र असतं. कुणाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने आकसलेली असते. कुणाच्या हृदयाचा स्नायू घराण्यातूनच जाड आलेला असतो. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. आपल्या देशात अशी दोन लाखांहून अधिक बाळं दरवर्षी जन्मतात. मोसम खोऱ्यातली गावं याला अपवाद कशी असतील? आपली अहिराणी बोलणारी माय दवाखान्यात येऊन इतकंच सांगते, ‘पोरले दम लागस.’ तिथून पुढची सगळी कथा सुरू होते.

या कथेचा पहिला भाग विज्ञानाने मोठ्या हिमतीने लिहिला आहे. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक आणि विवियन थॉमस या तिघांच्या प्रयत्नांतून निळ्या पडणाऱ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्याआधी अशा बाळांसाठी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयप्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. पुढे हे उपचार हळूहळू गरिबाच्या आवाक्यात आले. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, मुलांच्या छातीला नळी लावतं, ते याच कार्यक्रमातलं. शंका आली की मूल पुढे पाठवलं जातं. आपल्याकडचे लोक नाशिकच्या विभागीय रुग्णालयाला नुसतं ‘संदर्भ’ म्हणतात. कुणी तिथे जातं, कुणी मुंबईला जातं, महात्मा फुले योजनेत नाव बसतं, शस्त्रक्रिया होते, आणि मूल घरी येतं.

मूल घरी येतं. आणि पुढे?

पुढचं कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलायला उभा आहे. रुग्णालयातून निघताना एक वाक्य कानावर पडतं, ‘याला दगदग करू देऊ नका.’ हे वाक्य बरोबरच असतं. छातीचं मधलं हाड कापून शस्त्रक्रिया झालेली असते. ते हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस उड्या मारायच्या नाहीत, जड उचलायचं नाही, सायकलवरून पडायचं नाही. पण घरी ते वाक्य पोचतं तेव्हा त्याची मुदत गळून पडलेली असते. सहा आठवड्यांचा नियम सोळा वर्षं चालतो! मूल पहिलीत जातं तेव्हा आई बाईंना सांगते, ‘याला खेळायला लावू नका.’ पाचवीत ते वाक्य नव्या वर्गशिक्षकांकडे जातं, आठवीत क्रीडाशिक्षकांकडे, अकरावीत कॉलेजात. कवायतीच्या तासाला हा पोरगा झाडाखाली बसून बाकीच्यांच्या चपला सांभाळतो. कुणी त्याचा दुस्वास केलेला नसतो. उलट सगळ्यांची त्याच्यावर माया असते, आणि त्या मायेनेच त्याला मैदानाबाहेर बसवलेलं असतं.

बसवून ठेवलं तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. जिवाशी खेळण्यापेक्षा बसलेलं बरं, नाही का?

याचं उत्तर डॅलसच्या एका जुन्या प्रयोगात आहे. १९६६ साली तिथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवलं. आजार काही नव्हता, फक्त उठायचं नाही. तीन आठवड्यांनी मोजलं तेव्हा शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची ताकद पाव हिश्श्याहून अधिक घटलेली होती. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जेवढी कमी झाली होती, त्याहून जास्त ती तरुणपणी तीन आठवडे झोपून राहिल्याने घटली होती. ही निरोगी माणसांची गत. मग ज्याचं हृदय मुळातच थोडं अशक्त आहे, त्याला आपण दहा वर्षं बसवून ठेवलं तर त्याच्याकडे काय उरेल? पुढे तो जिना चढताना धापा टाकतो आणि आपण म्हणतो, ‘बघा, हृदय कमजोर आहे ना!’ त्या धापेतला किती वाटा हृदयाचा आणि किती बसण्याचा, हे कुणी वेगळं काढून पाहिलंय का?

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. विहिरीवरची मोटर कमी अश्वशक्तीची असली म्हणून कुणी बाग उपटत नाही. ठिबक अंथरतो, गळती बंद करतो, आणि तेवढ्याच पाण्यात डाळिंब पिकवतो. व्यायाम शरीरात हेच करतो. हृदयातलं बुजवता न आलेलं छिद्र तो बुजवत नाही, आकसलेली झडप उघडत नाही. पण हातापायांच्या स्नायूंना आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू उचलायला शिकवतो. तेच काम कमी रक्तात भागतं आणि हृदयावरचा भार उतरतो.

आणि एक आजार तर असा आहे की त्यात पायाचे स्नायू अक्षरशः हृदयाचं काम करतात. काही बाळांच्या हृदयात रक्त ढकलणाऱ्या दोन कप्प्यांऐवजी एकच कामाचा कप्पा असतो. त्यांच्यासाठी फ्रान्सिस फोंताँ या फ्रेंच शल्यविशारदाने १९६८ मध्ये एक शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती जगभर गेली. या शस्त्रक्रियेनंतर अशुद्ध रक्त पंपाविना, आपसूक फुप्फुसात जातं. त्याला ढकलायला उजवा कप्पा नाही. मग ते वर चढतं कसं? दोन गोष्टींच्या जोरावर. चालताना पोटऱ्या आवळल्या की रक्त वर रेटलं जातं, आणि श्वास आत घेतला की छातीत ओढ निर्माण होऊन रक्त वर खेचलं जातं. ऑस्ट्रेलियात अशा काही तरुणांकडून वीस आठवडे पायांचा, ताकदीचा व्यायाम करून घेतला. त्यांचे स्नायू वाढलेच, शिवाय हृदयातून पुढे जाणारं रक्तही वाढलं. अशा मुलाला आपण खुर्चीवर बसवतो तेव्हा त्याचा उरलेला पंपच बंद करत असतो, हे लक्षात घ्या.

यात दोष एकट्या आईबापांचा नाही. वैद्यकशास्त्रही बराच काळ भीतभीतच चाललं. अमेरिकेत १९८५ पासून २००५ पर्यंत तज्ज्ञांच्या ज्या परिषदा झाल्या, त्यांचा सूर मुख्यतः ‘काय खेळू नये’ हा होता. २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने जन्मजात हृदयदोष असलेल्यांबाबत निराळा सूर लावला. यांना हालचालीला प्रवृत्त करा, मनाई अपवादानेच असू द्या, असं त्यांचं सांगणं होतं. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०२० मध्ये माणूस पाहून, मोजून, व्यायामाची चिठ्ठी लिहून द्यायची दिशा धरली. हृदयाचा स्नायू जाड असण्याच्या आजारात तर धावायचं नावसुद्धा काढायचं नाही, असा दंडक होता. २०२३ मध्ये सोळाशेहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्या आणि जोमाने व्यायाम करणाऱ्या रुग्णांना मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त धोका असल्याचं दिसलं नाही. ‘तज्ज्ञांच्या देखरेखीखाली’ हे शब्द मात्र विसरू नका. ते गाळून ही बातमी घरी नेऊ नका.

उदाहरणं हवीत? शॉन व्हाइट हा अमेरिकन खेळाडू फॅलोट नावाचा चौपदरी हृदयदोष घेऊन जन्मला. तान्हेपणीच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. बर्फावरच्या फळीच्या खेळात त्याने ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं घेतली. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावरच छाती दाबली, विजेचा झटका दिला, तो वाचला. छातीत यंत्र बसवून आठ महिन्यांत तो पुन्हा मैदानावर उतरला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोल केला.

आता नाण्याची दुसरी बाजू. गोव्याच्या धेंपो क्लबकडून खेळणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोल करतानाच कोसळला आणि गेला. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलिस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचे प्राण गेले. मग अंतर कमी केलं गेलं. ऊन होतं, तहान होती, रात्रभराचा प्रवास होता, पोटात धड काही नव्हतं. आपल्या बागलाणातली किती पोरं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करतात, हे तुम्ही रोज पाहता. त्यातल्या कितींच्या छातीला आयुष्यात एकदा तरी नळी लागली आहे? एखाद्याला आपला आजार ठाऊकही असतो. पण भरतीत बाद होऊ या धास्तीने तो घरच्यांनाही सांगत नाही.

म्हणून मी ‘सगळ्यांना पळवा’ असं म्हणायला आलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘व्यायाम करू नको’ हासुद्धा एक औषधोपचारच आहे. इतर कोणत्याही औषधासारखं त्याचं कारण, त्याची मात्रा आणि त्याची मुदत लिहून मागा. लिहून मिळत नसेल तर पुन्हा विचारा.

मात्रा कशी ठरते? काही गोष्टी मी सांगतो. बाकीचं तुमच्या डॉक्टरांनी, इको आणि पट्ट्यावरची चाचणी पाहून ठरवायचं.

चालणं, पळणं, सायकल, पोहणं यांत स्नायू आवळतात आणि सैल होतात, रक्त वाहतं राहतं. याउलट दात-ओठ खाऊन, श्वास रोखून जड वजन उचललं की रक्तदाब क्षणात उसळतो. महाधमनी फुगलेली असेल किंवा तिच्या तोंडाची झडप आकसलेली असेल, तर हे दुसऱ्या प्रकारचे व्यायाम घातक ठरू शकतात. म्हणजे एकाच मुलाला रोजची सायकल हितकर आणि आखाड्यातली कुस्ती वर्ज्य, असं होऊ शकतं. ज्यांना धातूची झडप बसवलेली आहे, त्यांना रक्त पातळ राहण्याची गोळी आयुष्यभर चालू असते. त्यांचा धोका दमण्यात कमी आणि आपटण्यात जास्त आहे. कबड्डीत डोकं आपटलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. त्या मुलाला कबड्डीतून काढा, पण बॅडमिंटनची रॅकेट द्या. एक दार बंद करताना दुसरं उघडून दाखवणं हे मोठ्यांचं काम आहे.

योगाविषयीही बोललं पाहिजे, कारण ‘योगाने काय अपाय होतो?’ असं आपण सहज म्हणून जातो. संथ लयीतले, श्वास न रोखता घातलेले सूर्यनमस्कार बहुतेकांना उत्तम. पण दीर्घ कुंभक, जोराची भस्त्रिका, शीर्षासन हे हृदयाच्या आजारात विचारल्याशिवाय नको. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधामची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली होती. योग मोजून पाहण्याची परंपरा आपल्याच महाराष्ट्राची आहे. ती आपण टीव्हीवरच्या शिबिरांच्या गर्दीत हरवता कामा नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर बोलण्याची कसोटी वापरा. व्यायाम करताना मूल वाक्य पूर्ण बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, एवढा दम बेताचा. तीन शब्दांवर अडखळलं की थांबायचं. सुरुवात दहा मिनिटांनी करा. आधी पाच मिनिटं अंग मोकळं करा आणि शेवटी एकदम थांबू नका, चालत चालत थांबा. चैत्र-वैशाखात सकाळी आठच्या आत उरका. निळसर पडणाऱ्या आणि एका कप्प्याच्या मुलांना पाणी कमी पडता कामा नये. आणि बाईंनो, सरांनो, एखादं मूल खेळता खेळता मध्येच उकिडवं बसलं तर त्याच्यावर ओरडू नका. फॅलोटचा दोष असलेलं लेकरू तसं बसतं, कारण त्या बैठकीने फुप्फुसाकडे जाणारं रक्त वाढतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, त्याच्या शरीरालाच ते कळतं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती हजर असलेल्या प्रत्येक शिक्षकाने लिहून घ्यावी. प्रार्थनेला बराच वेळ उभं राहून, उपाशीपोटी, उन्हात मुलगी भोवळ येऊन पडते. आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मग ती हळूच खाली बसते. हे पुष्कळ मुलींना होतं आणि बहुधा साधं असतं. पण पळताना, ऐन धावेत, काही कळायच्या आत मूल कोसळलं, तर ते साधं नाही. शुद्धीवर आलं, पाणी प्यायलं, हसलं, तरीही साधं नाही! त्याला त्या दिवसापासून खेळू द्यायचं नाही आणि हृदयतज्ज्ञाकडे पाठवायचं. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं आहे का, हेही विचारायचं. आपल्याकडे पट्टीचा पोहणारा पोरगा विहिरीत बुडाला की आपण ‘पाय ओढला गेला’ म्हणून सोडून देतो. हृदयाच्या विजेचा एक आनुवंशिक आजार असा आहे की त्यातला घातक झटका पोहतानाच येऊ शकतो. अशा घरातल्या पाठच्या भावंडांचा ईसीजी काढायला हवा. एक कागद, पाच मिनिटं, आणि कदाचित दुसरं लेकरू वाचतं.

सांधेतापाच्या झडपांबद्दल थोडक्यात सांगतो. पाच ते पंधरा वयात घसा दुखतो, मग या सांध्यातून त्या सांध्यात सूज फिरते, आणि त्यातून झडप खराब होते. दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन दुखतं म्हणून चुकवू नका. ताप चालू असताना विश्रांती हेच औषध. ताप गेल्यावर किती चालायचं ते झडप पाहून ठरवा.

इथवर शरीराचं झालं. पण इतकी वर्षं या मुलांमध्ये राहून माझं ठाम मत झालं आहे की शरीरापेक्षा मन आधी बसकण मारतं. विचार करा, तुमची-माझी छाती धडधडली तर आपण म्हणतो, जिना चढलो. या मुलाची छाती धडधडली तर त्याला वाटतं, आता काय होतंय? पळताना जे ठोके वाढतात ते आनंदाचे की धोक्याचे, हे ओळखायची संधीच त्याला कुणी दिलेली नसते. मग भीतीने ठोके वाढतात आणि वाढलेल्या ठोक्यांनी भीती वाढते. वर्गात उठून उत्तर द्यायलाही तो कचरतो. मुलगी असेल तर तिला आणखी एक ओझं. ‘छातीवरचा व्रण दिसू देऊ नको, उद्या लग्नाचं पाहायचंय.’ ती उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत झाकून फिरते. त्या व्रणात लाजण्यासारखं काय आहे? तो तिच्या जगण्याचा दाखला आहे.

या मनाला वळण देता येतं का? येतं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला हृदयदोष असलेल्या बारा ते वीस वयाच्या एकशे चाळीसहून अधिक मुलामुलींवर एक प्रयोग झाला. काहींना नेहमीचीच देखभाल मिळाली. बाकीच्यांना एक दिवस एकत्र बोलावलं. त्यांची भीती त्यांच्याच तोंडून काढून घेतली. तुला काय करावंसं वाटतं, आड काय येतं, हे विचारलं, आणि प्रत्येकाला घरी करायचा व्यायाम लिहून दिला. सहा महिन्यांनी ही मुलं पूर्वीपेक्षा जास्त हालचाल करत होती. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी संवाद, मग व्यायाम. त्याच शहरात शाळेत जाऊ लागणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी असाच कार्यक्रम झाला. त्यात मुख्यतः आईवडिलांशी बोलणं होतं. त्यातून आयांची काळजी हलकी झाली आणि मुलांचे शाळेचे खाडेही कमी झाले. मन आईचं सावरलं आणि शाळेत मूल जाऊ लागलं!

आणि त्यासाठी बेलफास्टला जायची गरज तरी काय? आपल्या नाशिकमध्ये भीष्मराज बाम होते. पोलिस खात्यात उच्चपदावर काम केलेला हा माणूस निवृत्तीनंतर खेळाडूंच्या मनाचा मार्गदर्शक झाला. राहुल द्रविडपासून नेमबाज अंजली भागवतपर्यंत आणि आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतपर्यंत अनेकांनी त्यांच्याकडून धडे घेतले. २०१७ मध्ये ते गेले, पण त्यांचं ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक आजही वाचनालयात मिळतं. तरुणांनी ते जरूर वाचावं. योगातला श्वास, एकाग्रता आणि मनात चित्र उभं करण्याची सवय त्यांनी मैदानावर आणली. नेमबाजाचं पाहा. त्याला स्वतःच्या छातीचा ठोका बंदुकीच्या नळीपर्यंत जाणवतो. तो ठोक्याला घाबरत नाही, त्याच्याशी ओळख करून घेतो आणि दोन ठोक्यांमधल्या स्थिर क्षणाची वाट पाहतो. हृदयाचा आजार असलेल्या मुलाला मला नेमकं हेच शिकवायचं आहे. तुझा ठोका ऐक. बसल्यावर किती, चालल्यावर किती, थांबल्यावर किती वेळात खाली येतो, हे मनगटावर बोटं ठेवून वहीत लिही. महिनाभर लिहिल्यावर त्याला कळतं की पळताना वाढलेला ठोका थांबल्यावर आपोआप खाली येतो. रोज डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची भीती किती दिवस टिकेल?

श्वासाचंही तसंच. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळ आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या ठोक्यांतली लय सुधारली. भाषा वेगळी, देव वेगळा, श्वास एकच! आपल्या घरांत संध्याकाळी हरिपाठ होतो, नामस्मरण होतं. त्या वेळी मुलाला शेजारी बसवा. ज्याची देवावर श्रद्धा नाही त्याने आकडे मोजावेत, पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. मध्ये रोखायचा नाही. परीक्षेच्या आधी, तपासणीच्या खोलीबाहेर, रात्री झोप उडाल्यावर ही पाच मिनिटं फार उपयोगी पडतात. पण श्वास हा गोळीला पर्याय नाही. गोळी चालू ठेवून हे करायचं. आणि महिनोन् महिने मूल उदास, घुमं, एकलकोंडं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा मानू नका.

व्यायामशाळेत जाणाऱ्या मित्रांनो, मागे उभे आहात म्हणून तुम्हालाही सांगतो. व्यायामाआधी ताकद चढावी म्हणून पाण्यात घोळून घेतात त्या डब्यातल्या पावडरींत बहुधा कॅफिन भरपूर असतं. ज्याच्या हृदयाची वीजच बिघडलेली आहे त्याने ती घेणं म्हणजे आगीत तेल. कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन तर कुणीच घेऊ नका.

आता तुमच्या गावाकडे एक मागणं आहे. मी ते शाळांकडे, संस्थाचालकांकडे आणि पालकांकडे मागतो. हृदयाचा आजार असलेल्या प्रत्येक मुलासाठी एक साधं कार्ड करा. पुढच्या बाजूला आजाराचं नाव, चालू औषधं, काय खेळायला परवानगी आहे आणि किती. मागच्या बाजूला काय वर्ज्य, कोणतं लक्षण दिसलं की थांबवायचं आणि कुणाला फोन करायचा. डॉक्टरांची सही आणि पुढच्या तपासणीची तारीख. तारीख उलटली की कार्ड बाद, नवं आणा. मग ‘खेळू देऊ नका’ हे वाक्य सोळा वर्षं तोंडी फिरणार नाही. क्रीडाशिक्षकही निर्धास्त होतील. त्यांची भीतीही मी समजू शकतो. माझ्या तासाला काही झालं तर? या धास्तीने ते मुलाला बसवतात. हातात सहीचा कागद असला की ते त्याला उभं करतील. त्याला पळता येत नसेल तर वेळ मोजायला, रेषा आखायला न लावता त्याच्या मात्रेचा खेळ द्या. गुणपत्रिकेत शारीरिक शिक्षणासमोर कोरी रेघ मारू नका.

आणि कार्ड असूनही, मात्रा पाळूनही, कधीतरी कुणीतरी कोसळेल. ज्याला आजार ठाऊकच नव्हता असा मुलगाही कोसळेल. तेव्हा सटाण्याहून किंवा मालेगावहून डॉक्टर येईपर्यंत वाट पाहत बसलात तर उशीर झालेला असेल. हृदय थांबल्यावर मदतीविना गेलेलं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवतं. तो हाकेला ओ देत नाही, श्वास नीट घेत नाही, एवढं पाहा. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने गुडघ्यांवर बसून, छातीच्या मधोमध तळहात ठेवून, कोपर ताठ करून दाबायला लागायचं. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं, पण थांबायचं नाही. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका, बरगडी जुळते.

हे ऐकून येत नाही, करून येतं. म्हणून आयोजकांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला सरावाचे दोन पुतळे आणून ठेवले आहेत. आभारप्रदर्शन झालं की लगेच घरी निघू नका. आधी क्रीडाशिक्षकांनी यावं, मग भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी, मग ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्या आईबापांनी. दोन-दोन मिनिटं प्रत्येकाने दाबून पाहायचं आहे. सगळ्यांचं होईपर्यंत मी इथेच थांबणार आहे.